भार जातो कुठून? स्नोमोबिलचा बोगदा आणि कार्बनचा धागा



पामर्स्टन नॉर्थमध्ये बर्फ पडल्याचे आम्हांला आठवत नाही. येथला हिवाळा म्हणजे पाऊस, तारारुआ डोंगररांगेवरून येणारा बोचरा वारा आणि पहाटे गवतावर साचलेला हिमतुषारांचा पातळ थर. मात्र जुलै-ऑगस्टमधील एखाद्या निरभ्र सकाळी उत्तरेकडे पाहिले, तर क्षितिजावर रुआपेहूचे शुभ्र शिखर उभे दिसते. २,७९७ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी उत्तर बेटावरील सर्वांत उंच पर्वत आहे. त्याच्या उतारांवर व्हाकापापा आणि तुरोआ ही हिमक्रीडेची ठिकाणे आहेत. तेथे चाके निरुपयोगी ठरतात. सामान वर न्यायचे असो वा पाय मोडलेल्या माणसाला खाली आणायचे असो, रबरी पट्ट्यावर धावणारी स्नोमोबिल हीच तेथली बैलगाडी आणि तीच तेथली रुग्णवाहिका.

अशीच एक जुनी स्नोमोबिल दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर महिन्यात, आमच्या गॅरेजमध्ये आली. पर्वतावरील एका निवाऱ्यासाठी सामान ओढणाऱ्या मित्रमंडळींची ती गाडी. हंगामाच्या अखेरीस ती बर्फाखाली दडलेल्या खडकावर आदळली आणि तिचा बोगदा वाकला. 'नवा घेणे परवडत नाही, तुम्ही काही करू शकाल का?' असे त्यांनी विचारले आणि आम्ही होकार दिला. त्या होकारातून आमची एक चूक आणि त्या चुकीतून पुष्कळसे शिक्षण घडले. ते येथे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बोगदा म्हणजे काय?

स्नोमोबिल प्रत्यक्ष पाहिलेले वाचक आपल्यात थोडे असतील, म्हणून आधी तिची रचना सांगतो. पुढे दोन स्की असतात, त्यांनी दिशा बदलते. मागे रुंद रबरी पट्टा असतो, तो बर्फाला मागे लोटून गाडी पुढे नेतो. या पट्ट्यावर उलट्या पन्हाळीसारखा ॲल्युमिनियमचा एक लांब पत्रा घातलेला असतो. वरची बाजू सपाट आणि दोन्ही कडा खाली वळलेल्या. पट्टा त्याच्या पोटातून फिरतो, म्हणून त्याला बोगदा म्हणतात. बोगद्यावर बैठक आणि पेट्रोलची टाकी असते. त्याच्या दोन्ही कडांना चालकाने पाय ठेवायच्या फळ्या असतात. पोटात मागचे सस्पेन्शन बोल्टांनी अडकवलेले असते. इंजिनचे गरम पाणी ज्यातून फिरते ते शीतकही बहुधा तेथेच असते, पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यावर आपटतो आणि पाणी थंड होते. म्हणजे बोगदा हा गाडीचा कणा आहे, छप्पर आहे आणि तिच्या थंडाव्याचा मार्गही आहे. वाकलेला बोगदा म्हणजे कणा मोडलेले जनावर.

या यंत्राच्या जन्मामागे एका बापाचे दुःख आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तरुण कारागीर गॅरेज चालवीत असे आणि बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करीत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बंद होते, रुग्णालय दूर होते, आणि मूल दगावले. पुढे १९३७ मध्ये दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट त्याला मिळाले. त्यातून आधी अनेक माणसांना वाहून नेणाऱ्या मोठ्या गाड्या तयार झाल्या आणि १९५९ मध्ये एक-दोन माणसांची छोटी 'स्की-डू' बाजारात आली. आज हौसेने उडवली जाणारी ही गाडी मुळात रोग्यापर्यंत पोहोचण्याच्या निकडीतून जन्मली, हे आम्ही गॅरेजमधल्या फळ्यावर लिहून ठेवले आहे. ती मध्येच बंद पडली तर काय होते, याचा विसर पडू नये म्हणून.

आमची चूक

गाडी आली तेव्हा बोगद्याची वरची बाजू बैठकीच्या मागे खचली होती. सस्पेन्शनच्या बोल्टाच्या भोकापासून बाजूच्या पत्र्यात बोटभर लांबीची चीर गेली होती. यापूर्वी कोणीतरी डागडुजी करताना पत्र्यावर लोखंडी अँगलच्या दोन लांब पट्ट्या बोल्टांनी बसवल्या होत्या. त्यांचेच वजन पावणेतीन किलो भरले. लोखंड काढून टाकावे आणि त्या जागी कार्बन फायबर लावावे, म्हणजे गाडी हलकीही होईल आणि मजबूतही होईल, अशी कल्पना आम्हांला सुचली. कार्बन म्हणजे विमाने, शर्यतीच्या मोटारी आणि नौका यांचे साहित्य, तेव्हा ते लावले की प्रश्न मिटला, अशी आमची भाबडी समजूत होती.

आम्ही पत्रा ठोकून सरळ केला, रंग वरवर घासला, कार्बनचे विणलेले कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून थेट ॲल्युमिनियमवर तीन थर चिकटवले आणि वर चकचकीत लेप दिला. काम देखणे झाले. आलेल्या-गेलेल्यांनी कौतुक केले. जूनमध्ये गाडी पर्वतावर गेली.

ऑक्टोबरमध्ये ती परत आली तेव्हा आमच्या पुतणीने, जी येथील एका वाहन-दुरुस्तीच्या कार्यशाळेत उमेदवारी करते, कार्बनच्या कडेखाली नख घातले. कड अलगद उचलली गेली. 'काका, हे बुरशीसारखं काय आहे बघा,' ती म्हणाली. खाली पांढरी भुकटी साठली होती आणि ॲल्युमिनियमला खळगे पडले होते. बोल्टाजवळची चीर, जी आम्ही कापडाखाली झाकली होती, ती दुप्पट लांब झाली होती. वरून काहीच दिसत नव्हते. एखाद्या जखमी माणसाला मागच्या घसरगाडीवर घेऊन उतरताना ती चीर पुरती फाटली असती तर, या विचाराने त्या रात्री आम्हां कोणालाच नीट झोप लागली नाही.

धागा आणि चिकटद्रव्य

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी आम्हांला मुळाशी जावे लागले. कार्बन फायबर म्हणजे कार्बनचा अतिशय बारीक धागा. एका धाग्याची जाडी ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी. हा धागा ओढून तोडणे महाकठीण आहे, मात्र तो दाबला की दोरीसारखाच निमूटपणे वाकतो. त्याला आकार देण्यासाठी आणि शेजारच्या धाग्याशी बांधून ठेवण्यासाठी रेझिन लागते. ताण धागा सोसतो आणि त्या ताणाची वाटणी रेझिन करते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोकणातल्या कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर माती-शेणाचा काला लिंपायचा. नुसती काठी लवते, नुसती माती तडकते, दोन्ही मिळून मात्र भिंत पावसाळ्यामागून पावसाळे काढते. आमच्या या नव्या गावालाही धाग्याची ओळख जुनी आहे. येथून चाळीस किलोमीटरांच्या आत, मानावातू नदीच्या मुखाजवळ, फॉक्स्टन हे गाव आहे. माओरी लोक हाराकेके या वनस्पतीच्या पानांतून मुका नावाचा चिवट धागा काढून दोर, जाळी आणि वस्त्रे करीत आले आहेत. पुढे त्याच धाग्याच्या गिरण्यांचे फॉक्स्टन हे मोठे केंद्र झाले. ते पान सोलणारे यंत्र आजही तेथल्या संग्रहालयात पाहावयास मिळते. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. पान आडवे फाडायला गेले तर फाटत नाही आणि उभे फाडले तर सहज फाटते, हे मुलांनी हातांनी करून पाहिले. कार्बनचा सारा स्वभाव त्या एका पानात आहे. धाग्याच्या दिशेने तो बलवान, आडव्या दिशेने दुबळा.

म्हणून कार्बनच्या कामात पहिला प्रश्न 'किती थर?' हा नसून 'भार कोठून कोठे जातो?' हा असतो. ज्या दिशेने ताण त्या दिशेने धागा घालावा लागतो. पीळ पडत असेल तर धागे ४५ अंशांत तिरपे घालावे लागतात. नुसता वाक येत असेल तर लांबीच्या दिशेने. ॲल्युमिनियमचा पत्रा सर्व दिशांना सारखाच बळकट असतो, म्हणून त्याच्यासमोर हा प्रश्न न विचारताही बऱ्याचदा निभावून जाते. कार्बनपुढे निभावत नाही.

हलकेपणाचा हिशेब

'निम्मे वजन आणि दुप्पट ताकद' असे वाक्य कार्बनविषयी सर्रास ऐकू येते. आम्ही एका रविवारी मुलांना बसवून त्याचा हिशेब केला. तो असा.

ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम. कार्बन-इपॉक्सीच्या पक्क्या थराची सुमारे १.६ ग्रॅम. पत्र्याचा ताठरपणा मोजण्याच्या मापात ॲल्युमिनियम ७० गिगापास्कल. कार्बनचे कापड सर्व दिशांना सारखे वाटून घातले तर सुमारे ५०. म्हणजे सर्व दिशांना वाटलेला कार्बन ॲल्युमिनियमपेक्षा कमी ताठ असतो! धागे एकाच दिशेने घातले तर मात्र हाच आकडा त्या दिशेत १३० च्या आसपास जातो.

आता जाडीचा विचार करू. पत्रा किती वाकेल हे त्याच्या जाडीच्या घनावर ठरते. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. बोगद्याचा पत्रा १.६ मिलिमीटरचा धरला आणि तितकाच ताठ पत्रा कार्बनचा करायचा म्हटला, तर जाडी सुमारे १.८ मिलिमीटर लागते आणि वजन एक तृतीयांशाने घटते. वजन निम्मे करण्याचा हट्ट धरला, तर जाडी १.३५ मिलिमीटर उरते आणि ताठरपणा मूळच्या निम्म्याहूनही खाली जातो.

बोगद्याचा उघडा पत्रा आमच्या मापाने पाच किलोच्या आसपास भरतो. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे दीड-पावणेदोन किलो. साऱ्या गाडीचे वजन दोनशे किलोच्या पुढे. तेव्हा सगळा बोगदा कार्बनचा करून मिळणारा लाभ एका पेट्रोलच्या बाटलीएवढा. मुलांच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. पण थोरल्या मुलाने विचारले, 'मग ते लोखंडी अँगल?' तेथेच उत्तर सापडले. पावणेतीन किलोचे ते लोखंड चुकीच्या जागी, चुकीच्या आकाराचे आणि गरजेपेक्षा जास्त होते. हलके करायचे होते ते तेवढेच.

थर का उचलला गेला?

आमच्या पहिल्या कामात तीन दोष होते आणि तिन्ही या दोन साहित्यांच्या शेजारधर्मातले होते.

पहिला दोष विजेचा. कार्बन विजेचा वाहक आहे आणि रासायनिक दृष्ट्या ॲल्युमिनियमपेक्षा फार सुस्त आहे. दोन्ही एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल शिरली की तेथे जणू एक छोटी बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत झिजतो तो ॲल्युमिनियम. ती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. यावर उपाय साधा आहे, दोहोंच्या मध्ये काचधाग्याच्या कापडाचा एक थर घालायचा. काच वीज वाहू देत नाही. विमानांतही हाच नियम पाळतात.

दुसरा दोष तापमानाचा. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबी दर अंश सेल्सिअसला ०.०२३ मिलिमीटरने वाढते किंवा आकसते. धाग्याच्या दिशेने कार्बन जवळजवळ जागचा हलत नाही. २२ अंशांच्या गॅरेजमध्ये चिकटवलेली गाडी उणे १० अंशांत गेली की मीटरभर पत्रा पाऊण मिलिमीटर आकसतो, कार्बन तसाच राहतो आणि मधल्या चिकटद्रव्यावर ताण येतो. शीतकातून गरम पाणी वाहू लागले की उलट्या दिशेने ओढाताण सुरू होते. दिवसातून कित्येकदा हे घडते.

तिसरा दोष आमच्या आळसाचा. रंग पूर्ण काढला नव्हता. चिकटद्रव्य रंगाला चिकटले होते, धातूला नव्हे. चिरेच्या टोकाला थांबा दिला नव्हता, ती नुसती झाकली होती. झाकलेली चीर बरी होत नाही, ती केवळ नजरेआड होते.

न्यूझीलंडने शिकवलेला धडा

कार्बनच्या योग्य वापराचे एक उत्तम उदाहरण याच देशात घडले आहे. क्राइस्टचर्चच्या जॉन ब्रिटन या अभियंत्याने मोजक्या सहकाऱ्यांसह शर्यतीची एक मोटारसायकल घरच्या कार्यशाळेत घडवली. ब्रिटन व्ही१००० हे तिचे नाव. जन्म १९५० चा, लहानपणापासून वाचन-लेखनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, असलेला हा माणूस हातांनी विचार करीत असे. गाडीच्या बाह्य अंगाचा आकार त्याने तारा वाकवून आणि गोंदाने जोडून ठरवला. १९९१ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे दोन सिलिंडरांच्या गाड्यांच्या शर्यतीत ही गाडी दुसरी आली आणि मोठमोठ्या कारखान्यांचे लक्ष तिच्याकडे वळले. १९९५ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने ब्रिटनचे निधन झाले.

तिचे वजन होते केवळ १३८ किलो. तिची चाके, पुढचा काटा आणि मागचा दांडा कार्बनचे होते. पण तिचे खरे रहस्य वेगळे आहे. त्या गाडीला नेहमीसारखी चासीच नाही. इंजिन हा गाडीतला सर्वांत भक्कम भाग असल्याने ब्रिटनने भार त्यातूनच जाऊ दिला आणि पुढचे-मागचे भाग इंजिनलाच जोडले. रेडिएटर बैठकीखाली नेला. आधी त्याने भाराची वाट ठरवली आणि नंतर त्या वाटेवर कार्बन घातला. आम्ही उलटे केले होते, आधी कार्बन आणला आणि मग त्याला जागा शोधली. वेलिंग्टन येथील ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात ब्रिटनची एक गाडी आहे. येथून ते शहर दीडशे किलोमीटरांच्या आत आहे, मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी चौकशी करून अवश्य जावे.

दुसरे उदाहरण सुरक्षिततेचे. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेनने १९६३ मध्ये स्थापन केलेल्या संघाने, त्याच्या निधनानंतर, १९८१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये कार्बनच्या एकसंध सांगाड्याची पहिली मोटार उतरवली. अशी गाडी आदळली तर काचेसारखी फुटेल, अशी शंका अनेकांना होती. त्याच वर्षी मॉन्झा येथे जॉन वॉटसनच्या गाडीला भीषण अपघात झाला, इंजिन तुटून वेगळे झाले आणि वॉटसन सांगाड्यातून सुखरूप बाहेर आला. स्नोमोबिलच्या क्षेत्रातही हाच विवेक दिसतो. पोलारिस कंपनीने आपल्या पर्वतीय गाड्यांत बोगद्यावरच्या आधाराच्या रचनेत कार्बन आणला, सांधे जोडण्यासाठी चिकटद्रव्याचा वापर वाढवला, आणि बोगदा मात्र ॲल्युमिनियमचाच ठेवला.

बोगदा ॲल्युमिनियमचा ठेवण्यामागे आणखी एक सबळ कारण आहे. ॲल्युमिनियम उष्णता झटकन वाहून नेतो, कार्बनचा थर आपल्या जाडीतून ती फारशी जाऊ देत नाही. शीतकाभोवतीचा धातू काढून तेथे कार्बन घातला, तर इंजिन तापण्याचा धोका. शिवाय गॅरेजच्या तापमानात पक्के होणारे साधे इपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या पुढे नरम पडू लागते.

दुसऱ्यांदा, नीट

या खेपेस आम्ही डिसेंबरच्या उबेची वाट पाहिली, कारण थंडीत इपॉक्सी नीट धरत नाही. जुना थर सोलून काढला. चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचे गोल भोक पाडले, म्हणजे तेथला ताण एका बिंदूवर न साठता भोकाभोवती पसरतो. बोल्टाच्या जागी कार्बन लावला नाही. तेथे ॲल्युमिनियमचाच जोडपत्रा चिकटद्रव्य आणि रिव्हेट दोन्ही वापरून बसवला. बोल्टाचा दाब आणि रगड धातूला मानवते, कार्बनच्या थराला ती चिरडते.

कार्बन वापरला तो फक्त जेथे पत्रा खचला होता त्या वरच्या बाजूला. लाकडी साच्यावर टोपीच्या आकाराच्या दोन फासळ्या केल्या. प्रत्येकी ७० सेंटिमीटर लांब, बहुतेक धागे लांबीच्या दिशेने, वर-खाली एकेक थर तिरपा. रेझिन लावल्यावर साचा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पंपाने हवा ओढून घेतली, म्हणजे वातावरणाच्या दाबाने थर एकमेकांवर घट्ट बसतात आणि जादा रेझिन निथळते. फासळ्यांची टोके निमुळती ठेवली, कारण थर उचलला जाण्याची सुरुवात नेहमी जाड टोकापासून होते. धातू काचपेपरने घासून, पुसून, त्याच तासात चिकटवण्यास घेतला. मध्ये काचेचे कापड आणि किंचित लवचीक अशा चिकटद्रव्याचा मिलिमीटरभर थर, जो दोन साहित्यांच्या आकसण्यातला फरक पोटात घेतो. पट्ट्याच्या बाजूने काहीही लावले नाही. तेथे जागा बोटभरही मोकळी नसते.

फासळ्या आणि चिकटद्रव्य मिळून वजन एक किलोच्या आत राहिले. लोखंड गेले, जवळजवळ दोन किलो वाचले. बोगदा दोन ठोकळ्यांवर ठेवून मध्यभागी पाण्याचा वीस लिटरचा कॅन टेकवला आणि डायल गेजवर वाक मोजला. लोखंडी अँगल असताना जितका होता त्याहून कमी भरला. आकडा मोठा नव्हता, पण तो आम्ही मोजलेला होता.

या कामाला हात घालू इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. कार्बन घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये, पी२ दर्जाचा मास्क, चष्मा आणि हातमोजे वापरावेत, शक्यतो ओले घासावे. इपॉक्सी वारंवार त्वचेला लागले तर कायमची ॲलर्जी जडू शकते. भांड्यात एकाच वेळी पुष्कळ रेझिन कालवू नये, ते स्वतःच्याच उष्णतेने उकळून धुमसू लागते. आणि जी गाडी दुसऱ्याचा जीव वाहणार आहे, तिची तपासणी जाणत्या माणसाकडून करून घेतल्यावाचून ती देऊ नये. आम्हीही पुतणीच्या कार्यशाळेतील अनुभवी कारागिराला बोलावले. त्याने एक नाणे काढले आणि फासळ्यांवर टोकापासून टोकापर्यंत टकटक करीत गेला. घट्ट बसलेल्या जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बद्द. एका ठिकाणी तो थांबला, पुन्हा ठोकले, आणि तेवढा भाग आम्हांला पुन्हा करायला लावला.

हात आणि ज्ञान

पुतणीने उमेदवारी पत्करली तेव्हा नागपूरहून व्हिडिओ कॉलवर तिच्या आजीने विचारले होते, 'एवढं शिकूनसवरून पुन्हा हात काळेच करायचे का गं, बाळा?' त्या प्रश्नामागची वेदना आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या मागच्या पिढ्यांनी दोर वळले, कातडे कमावले, ओझी वाहिली. ते काम लादलेले होते, त्यातल्या कौशल्याला मोल नव्हते आणि करणाऱ्याला मान नव्हता. त्या कामातून मुलांना सोडवण्यासाठी आजीच्या पिढीने पोटाला चिमटा काढून शाळा दाखवली. म्हणून हातमोजे पाहिले की तिचा जीव कासावीस होतो.

पुतणीचे उत्तर साधे होते. 'आजी, हात काळे होतात गं, पण मी काय करतेय आणि का करतेय, ते मला कळतं.' आजी त्या दिवशी काही बोलली नाही. गाडी पूर्ण झाल्यावर आम्ही तिला कॅमेऱ्यातून त्या फासळ्या दाखवल्या. तिने चष्मा पुसला, स्क्रीनजवळ तोंड नेले आणि विचारले, 'धागे असे तिरपे का घातले?' पुतणी तिला अर्धा तास समजावीत होती. मध्येच आजी म्हणाली, 'दोराला पीळ उलटसुलट देतात तसंच की हे.' आम्ही स्तब्ध झालो. पुस्तकांतून जे आम्ही महिनाभर शोधत होतो, ते तिच्या बालपणीच्या अंगणात कोणीतरी रोज करीत होते.

जूनमध्ये गाडी पुन्हा रुआपेहूवर गेली. हंगामभर तिने सामान ओढले आणि एकदा घोटा मुरगळलेल्या एका पाहुण्यालाही खाली आणले. ऑक्टोबरमध्ये ती परत आली तेव्हा पुतणीने पहिल्यांदा नख घातले ते फासळीच्या टोकाखाली. नख आत गेले नाही. मग तिने खिशातून नाणे काढले आणि एका टोकापासून ठोकायला सुरुवात केली. आम्ही रेडिओ बंद केला आणि ऐकत उभे राहिलो.